सुरतेचे जेवण आणि कामगाराचे ताट

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण गुजरातेत सर्वतोमुखी आहे. जेवावे सुरतेत आणि मरावे काशीत, असा तिचा सरळ अर्थ. गेल्या हिवाळ्यात एका घरगुती कार्यानिमित्त सुरतेच्या लिंबायत भागात चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा या म्हणीचा पूर्वार्ध रोज नव्याने कानी पडत होता. मात्र ज्या पद्धतीने तो पडत होता, त्याने विचारात पाडले. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या मांडून बसलेली मंडळी, बहुतेक जळगाव-धुळ्याकडची, आपल्या परिसरातील खानावळींची तुलना करीत होती. कोणाची शेवभाजी झणझणीत, कोणाचे भरीत चुलीवर भाजलेल्या वांग्यांचे आणि कोणाचे गॅसवरचे, कोणाकडे कळण्याची भाकरी खरोखरच उडीद घालून होते आणि कोण नुसत्या ज्वारीवर भागवतो, यावर तावातावाने वाद चालला होता.

दुसऱ्या दिवशी याच गल्लीत राहणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या दोन तरुणांशी बोलणे झाले. तेही खानावळींची तुलना करीत होते. त्यांचे मुद्दे मात्र निराळे होते. रात्रपाळी संपवून सकाळी सातनंतर आल्यावर ताजे जेवण मिळते की रात्रीचे उरलेले? महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वरण किती पातळ होते? पगार लांबला तर मालक किती दिवस थांबतो? गावी गेल्यावर त्या दिवसांचे पैसे खाड्यात धरतो की कापून घेतो? शेवभाजीच्या तिखटाचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात शेवटी आला.

एकाच वस्तीतील, एकाच बोलीतील माणसे एकाच खानावळीला दोन वेगळे ताजवे लावतात. या दोन ताजव्यांमधले अंतर समजून घेतले तर सुरतेसारख्या कष्टकऱ्यांच्या शहराचे अर्थकारण बरेचसे उलगडते. आपल्या राज्यालाही त्यातून काही शिकण्यासारखे आहे.

ताटावरचा नकाशा

सुरत हे स्थलांतरितांचे शहर आहे. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४४ लाखांच्या वर होती आणि त्यानंतर ती कितीतरी वाढली आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांत खानदेशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली आहेत. वराछा आणि कतारगाम सौराष्ट्रातून आलेल्या रत्नकलाकारांचे. वेड रोड आणि पांडेसऱ्याच्या खोल्यांत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील माग कामगार राहतात. तापीपलीकडच्या रांदेरमध्ये जुनी मुस्लिम व्यापारी घराणी आहेत. महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, उडिया, तेलुगू माध्यमांतही चालतात, यावरून या मिश्रणाची कल्पना यावी.

हे सारे शहर ताटात दिसते. रांदेरच्या व्यापाऱ्यांचा रंगूनशी संबंध होता. तिथून आलेला ‘खावसा’ आज सुरतेचाच पदार्थ मानला जातो. थंडीत कोवळ्या ज्वारीचा ‘पोंक’ येतो, तेव्हा खानदेशी माणसाला आपला हुरडा आठवतो. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, घराघरांत घारी आणि भुसू खाल्ले जाते. सकाळचा लोचो आणि रविवारी डुमसच्या किनाऱ्यावरची टोमॅटोची भजी ही तर सुरतेची ओळखच.

तुलना सर्वांत रंगते ती वराछा आणि लिंबायत यांच्यामध्ये. काठियावाडी माणसाचा ‘रिंगणनो ओळो’ आणि खानदेशी माणसाचे वांग्याचे भरीत, काठियावाडी ‘सेव टमेटा’ आणि खानदेशी शेवभाजी ही सख्खी भावंडे आहेत. एकाकडे बाजरीचा रोटलो, दुसऱ्याकडे कळण्याची भाकरी. एकाच्या रश्श्यात गुळाची चव डोकावते, दुसऱ्याच्या रश्श्यात काळ्या मसाल्याचा ठसका असतो. दोन्ही मंडळी कोरडवाहू मुलखातून, शेतीने हात आखडता घेतल्यावर, तापीकाठी आली. दोघांनीही आपले गाव मसाल्याच्या डब्यातून बरोबर आणले.

खानदेश आणि सुरत यांचा संबंध आजचा नाही. तापीच्या खोऱ्यातून सुरतेला भुसावळशी जोडणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि नंदुरबार, अमळनेर, जळगावच्या माणसाला मुंबईपेक्षा सुरत जवळची झाली. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तरी हा मार्ग तसाच राहिला. नवापूर स्थानकाच्या फलाटावरून राज्याची सीमा जाते, पण गाडीत बसलेल्या मजुराला ती जाणवतही नाही. १९८२च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर कापडाचा धंदा झपाट्याने भिवंडी, मालेगाव, सुरत येथील यंत्रमागांकडे वळला. गिरणीत निदान आठ तासांची पाळी, उपाहारगृह आणि युनियन होती. मागावर बारा तासांची पाळी आली आणि जेवणाची जबाबदारी कामगाराच्या गळ्यात पडली. ती जबाबदारी खानावळीने उचलली.

दोन ताजवे

मोबाइलवर एखाद्या भोजनालयाला चार किंवा पाच तारे देणारा ग्राहक कोण असतो? तो आठवड्यातून एकदा, कुटुंबासह, भूक भागलेली असताना चवीसाठी जाणारा माणूस असतो. त्याच्या निवाड्यात चव, बैठक, गाडी लावायला जागा आणि वाढप्याची अदब यांना महत्त्व. हा निवाडा खोटा नाही. सुरतेची खाद्यसंस्कृती त्यावरच पोसली आहे. परंतु जो माणूस महिन्याच्या साठ जेवणांपैकी साठही एकाच ठिकाणी जेवतो, त्याचा निवाडा कुठेच नोंदला जात नाही. त्याला निवडीचे स्वातंत्र्य कागदावर असते. प्रत्यक्षात मागच्या महिन्याची उधारी, खोलीपासूनचे अंतर आणि पाळीची वेळ हे तिघे मिळून त्याची खानावळ ठरवतात.

वेड रोडवरच्या ‘मेस’मध्ये हे अधिक स्पष्ट दिसते. तेथे खोली आणि जेवण एकाच मालकाकडे असते. एका मोठ्या खोलीत कितीतरी माणसे राहतात. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की त्याच जागेवर रात्रपाळीचा माणूस पाठ टेकतो. जेवण वाईट म्हणून मेस सोडायची तर डोक्यावरचे छप्परही सोडावे लागते. बाजारपेठेचा साधा नियम असा की ग्राहक निघून जाऊ शकतो म्हणून विक्रेता दर्जा राखतो. ज्याला निघून जाता येत नाही, त्याच्या ताटाचा दर्जा कोण राखणार? वस्तीतल्या गप्पा हाच त्याला उरलेला एकमेव लगाम. नव्याने आलेल्या गावच्या पोराला ‘त्या मेसमध्ये जाऊ नकोस’ असे सांगणारा जुना कामगार एका अर्थाने निरीक्षकाचेच काम करीत असतो.

प्लेगने शिकवलेला धडा

सुरतेत खऱ्या निरीक्षकांचा इतिहासही आहे आणि तो उल्लेखनीय आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या साथीने शहर हादरले. लाखो लोक गाड्या भरभरून गावी पळाले. त्यानंतर १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कचरा आणि गटारांबरोबरच उपाहारगृहे आणि मिठाईच्या दुकानांकडे मोर्चा वळवला. ज्यांची स्वयंपाकघरे अस्वच्छ त्यांना टाळे लागले. त्यात नावाजलेली दुकानेही सुटली नाहीत, म्हणून लोकांचा विश्वास बसला. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी कार्यालयात न बसता आपल्या भागात फिरायचे, हा दंडक घातला गेला. अवघ्या दोन वर्षांत देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत सुरतेचे नाव वर आले. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये इंदूरसह सुरतेला संयुक्त प्रथम क्रमांक मिळाला, तो या परंपरेचाच पुढचा टप्पा होय.

या कथेला दुसरी बाजू आहे. स्वच्छतेची तपासणी रस्त्यावर उघडणाऱ्या दारापर्यंत पोहोचते. पाटी असलेली, बिल देणारी, नोंदणी असलेली भोजनालये तिच्या कक्षेत येतात. कारखान्यामागच्या गल्लीतील, पाटी नसलेली, दुसऱ्या मजल्यावर एकाच अरुंद जिन्याने चढून जावे लागणारी मेस तिच्या नजरेतून सहज निसटते. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या तक्षशिला संकुलातील आगीत शिकवणीसाठी आलेल्या २२ विद्यार्थ्यांचा बळी गेला. त्यानंतर शहरभर इमारतींची तपासणी झाली. ज्या खोलीत दिवसरात्र माणसे झोपतात आणि शेजारच्याच खोलीत मोठ्या शेगड्या पेटलेल्या असतात, तिथला धोका त्याहून कमी नाही. पण त्या खोलीत राहणाऱ्याच्या वतीने ओरडणारे पालक शहरात नसतात. ते गंजामला किंवा चोपड्याला असतात.

उधारीची वही

खानावळ ही कामगाराची पतपेढीही असते. बँक त्याला कर्ज देत नाही, कारखानदार उचल देतो ती बांधून ठेवण्यासाठी. खानावळीची मालकीण मात्र पंधरा दिवस, महिनाभर थांबते. धंद्यात मंदी आली की सर्वांत आधी तिच्या वहीला कळते.

एप्रिल २०२० मध्ये हे देशाने पाहिले. टाळेबंदी लागली, माग थांबले, मजुरी थांबली. काही दिवस मेसमालकांनी उधारीवर भात शिजवला. मग किराणा दुकानदाराने त्यांची उधारी थांबवली. १० एप्रिलच्या रात्री लसकाणा भागात कामगार रस्त्यावर उतरले. थकलेली मजुरी द्या आणि घरी जाऊ द्या, ही त्यांची मागणी होती. स्वयंसेवी संस्थांकडून आणि पालिकेकडून येणाऱ्या पाकिटांतील अन्नाबद्दलही तक्रारी होत्या. त्या काळी काहींनी ‘फुकटचे मिळते तरी नावे ठेवतात’ असे म्हटले. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या पैशाने, भले उधारीवर का होईना, जेवण विकत घेतले, त्याला रांगेत उभे राहून दुसऱ्याच्या चवीचे अन्न खावे लागले तेव्हा त्याच्या तक्रारीत भुकेइतकाच मानभंगही होता, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

अलीकडची परिस्थिती तितकी तीव्र नसली तरी चिंता वाटावी अशीच आहे. हिऱ्यांच्या जागतिक मागणीला गेली काही वर्षे ओहोटी लागली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सुरत डायमंड बोर्सच्या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हाही पैलू पाडणाऱ्या कारखान्यांत कामाचे तास घटू लागले होते. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. हिरे आणि कापड ही सुरतेची दोन्ही चाके एकाच खड्ड्यात अडकली. शुल्काच्या वाटाघाटी दिल्ली आणि वॉशिंग्टनमध्ये होतात. त्यांचा परिणाम मात्र वराछातल्या थाळीवाल्याला आधी जाणवतो. दिवसाला किती ताटे कमी उठली, यावरून तो सांगतो की कोणता कारखाना एक पाळी बंद करतो आहे.

येथे गोव्याच्या कन्येची आठवण होणे अपरिहार्य आहे. गोवा मुक्तिलढ्यात सहभागी झालेल्या प्रेमाताई पुरव पुढे मुंबईत कामगार चळवळीत वावरल्या. गिरणगावात घरोघरी खानावळ चालवून शेकडो कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजाखाली पिचलेल्या आहेत, हे त्यांनी पाहिले. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना बँकांकडून छोटी कर्जे मिळवून दिली. खानावळ चालवणारी बाई ‘घरकाम करणारी’ नसून उद्योजक आहे, हे बँकेच्या कागदावर मान्य होणे हे त्या काळी मोठेच पाऊल होते. २००२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. सुरतेच्या मेसना आज अशाच एखाद्या अन्नपूर्णेची गरज आहे.

सरकारी ताट का पुरत नाही

सरकारांनी या क्षेत्रात काहीच केले नाही असे नाही. महाराष्ट्रात १९९५ मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर आली. तमिळनाडूत २०१३ मध्ये अम्मा उपाहारगृहे, कर्नाटकात २०१७ मध्ये इंदिरा कँटीन, महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी अशी ही मालिका आहे. गुजरातने २०१७ मध्ये श्रमिक अन्नपूर्णा योजना सुरू केली आणि २०२२ मध्ये ती पाच रुपयांच्या थाळीसह पुन्हा चालू केली. ती प्रामुख्याने नोंदणीकृत बांधकाम मजुरांसाठी आहे. माग कामगार, भरतकाम करणारा, हिरे घासणारा त्या चौकटीत बसत नाही.

शिधापत्रिकेचेही तसेच. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे गंजामचा माणूस सुरतेत धान्य उचलू शकतो, हे खरे. पण त्याच्याकडे चूल नाही. कार्ड गावी बायकोकडे असते आणि तिथे ते असणेच रास्त आहे. मेसमालक या सगळ्यांसाठी मिळून स्वयंपाक करतो, पण त्याला तांदूळ बाजारभावाने घ्यावा लागतो आणि १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर विनाअनुदान. म्हणजे घरी शिजवणाऱ्या गरिबाला सवलत आहे आणि घर नसलेला गरीब मात्र बाजारभावाने जेवतो. धोरण ‘कुटुंब’ गृहीत धरून आखले जाते. स्थलांतरित कामगार मात्र शहरात एकट्याने जगतो.

सरकारी थाळीची दुसरी अडचण चवीची. तीच ती खिचडी गंजामच्या आणि धरणगावच्या माणसापुढे ठेवली की दोघेही ती नाइलाजाने खातात. खानावळ टिकते कारण ती एका विशिष्ट मुलखाची असते. म्हणून नवी उपाहारगृहे काढण्यापेक्षा आहेत त्या खानावळींना हात देणे अधिक शहाणपणाचे. त्यांची नोंद करावी, नोंदणी केल्याबद्दल दंड न करता सहा महिन्यांची मुदत द्यावी, पर्यायी जिना आणि अग्निशामक साधनांसाठी अल्प व्याजाचे कर्ज द्यावे, आणि बदल्यात तपासणी मान्य करून घ्यावी. रावांच्या काळात सुरतेने दंडुका दाखवला आणि तो योग्यच होता. मेसच्या बाबतीत मात्र नुसता दंडुका दाखवला तर मेस बंद पडेल आणि शेकडो माणसे रात्रीतून उघड्यावर येतील. सुरतेतील काही अधिकारी कारवाई टाळतात ती याच भीतीने. ती भीती अनाठायी नाही, पण कारवाई न करणे हेही उत्तर नव्हे.

आपल्या दारात

गोमंतकीयांना परक्या गावातील मेस नवी नाही. मुंबईच्या धोबीतलावातील ‘कूड’ आठवावेत. गावोगावच्या गोवेकरांनी स्वतःसाठी उभारलेले ते निवासी क्लब होते. बोटीची वाट पाहणारा खलाशी, नोकरी शोधणारा तरुण तिथे नाममात्र पैशात राहत असे. कूड आणि मेस यांत एक महत्त्वाचा फरक आहे. कूड गावकऱ्यांच्या मालकीचा होता, नियम सभासद ठरवीत. त्यामुळे तिथल्या माणसाला तक्रार करण्याचा अधिकार होता. मेसमध्ये तो नाही.

आज आपण दुसऱ्या बाजूला आहोत. वेर्णेच्या औद्योगिक वसाहतीत, बांधकामांवर, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत झारखंड, ओडिशा, कर्नाटक, उत्तराखंड, नेपाळ येथून आलेली माणसे काम करतात. पणजीतल्या कॅफे तातोची आणि कॅफे भोसलेची भाजी यांची तुलना आपण आवडीने करतो, शीत-कढीचे ताट कोठे अजून परवडते यावर हळहळतो. ही चर्चा हवीच. तिच्यामुळेच जुनी उपाहारगृहे तग धरून आहेत. पण त्याच उपाहारगृहाच्या मागच्या बाजूला भांडी घासणारा मुलगा स्वतः कुठे जेवतो आणि कुठे झोपतो, ही तुलना आपण कधी करीत नाही.

६ डिसेंबर २०२५च्या रात्री हडफडे येथील नाइट क्लबमध्ये लागलेल्या आगीत २५ जणांनी प्राण गमावले. त्यांत पर्यटकांपेक्षा तेथे राबणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक होती. त्यानंतर परवाने, बांधकामे, बाहेर पडण्याचे मार्ग यांवर पुष्कळ बोलले गेले. ती चर्चा क्लबांपुरती थांबली तर सुरतेने तक्षशिलानंतर केलेली चूक आपणही करू. कामगारांच्या खोल्या आणि त्यांना जेवू घालणाऱ्या, पाटी नसलेल्या खानावळी यांची साधी गणना पंचायतींनी करायला घेतली तरी पुष्कळ होईल. राज्य लहान आहे. सुरतेच्या एका महापालिकेपुढे जेवढे काम आहे, त्याच्या मानाने हे काम आपल्या आवाक्यातले आहे.

निघण्याच्या दिवशी त्या दोन तरुणांपैकी एकाने आग्रहाने आपल्या खानावळीत जेवायला नेले. भरीत उत्तम होते. भाकरी गरम होती. चव कशी आहे, असे त्याने विचारले नाही. जेवण झाल्यावर त्याने भिंतीला टांगलेली उधारीची वही दाखवली आणि टाळेबंदीतली ती पाने मालकिणीने फाडून टाकल्याचे सांगितले. त्याच्या तुलनेत ही खानावळ पहिल्या क्रमांकावर होती, ती त्यामुळे.